च्या मांडला हाय

कळंबच्या एसटी स्टँडसमोर सकाळी साडेसहाला मावशींनी शेगडीवरचा गंज उतरवला, चहा गाळला आणि पहिला अर्धा ग्लास कुणालाही न देता रस्त्याकडेच्या मातीवर ओतला. डिसेंबरची थंडी होती. मातीतून वाफ निघाली आणि अद्रकाचा वास बाकावर बसलेल्या आम्हा चौघांपर्यंत आला. मावशींनी ग्लास विसळला, मान वर केली आणि मला म्हणाल्या, "बसा जी. तुमच्यासाठी ताजा मांडला हाय."

पुण्यात आम्ही चहा टाकतो. मुंबईची माझी आत्या चहा ठेवते. यवतमाळ जिल्ह्यात चहा मांडतात. चुलीवर चढतं ते सगळंच इथे मांडलं जातं: भात, कुकर, वरण, तसाच चहा. पण मांडणं हा शब्द पूजेशी, रांगोळीशी आणि संसाराशी जोडून ऐकत मोठी झालेली मी तो चहाच्या गंजाबरोबर ऐकून थबकले. मांडणं म्हणजे प्रत्येक वस्तू तिच्या जागी, तिच्या क्रमाने ठेवणं. पुढचे सहा दिवस मी या जिल्ह्यात हिंडले ते हा क्रम बघत. पाणी कधी, पत्ती कधी, दूध कधी, आणि पहिला घोट कुणाचा.

ओतलेल्या चहाबद्दल मी मावशींना विचारलं. "धरतीमायचा वाटा हाय तो. पयला तिचा, मंग गिऱ्हायकाचा." थोडं थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ओतताना त्यांचं लक्ष धारेकडे असतं. सकाळच्या उजेडात धार विटकरी दिसली तर पत्ती नीट उतरली. पिवळट दिसली तर गंज परत शेगडीवर. "धार पायली का कयते." नैवेद्य आणि परीक्षा एकाच हालचालीत होत होती, आणि मावशींना ती दोन वेगळी कामं वाटत नव्हती.

कळंबच्या चिंतामणीला जाताना पायऱ्या चढत नाहीत, उतरतात. गणपती रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली आहे, जवळच कुंड आहे. दर्शन घेऊन वर आलेली माणसं धाप टाकत याच टपऱ्यांवर टेकतात. चतुर्थीचा उपास असलेल्या दोन बायकांनीही चहा घेतला. उपासाला काय चालतं आणि काय नाही याचे नियम ठरले तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात चहा नव्हताच. तो नंतर आला आणि घराघरांतल्या बायकांनी, कुठल्याही पोथीचा आधार न घेता, तो उपासाला चालतो असं ठरवून टाकलं. एवढा मोठा निर्णय इतक्या शांतपणे झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

कळंबला मी सेवाग्रामहून आले होते. देवळी मागे पडलं, वर्धा नदीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना बोंडं फुटून पांढरी झालेली पऱ्हाटी लागली. या भागात आता रेल्वेही आली आहे. वर्धा ते कळंब या ब्रॉडगेज टप्प्याचं उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झालं. चहाच्या शोधात निघालेल्या माणसाने सेवाग्रामपासून सुरुवात करावी हे विचित्र वाटेल, कारण गांधीजी चहाच्या बाजूचे नव्हते. १९३६ साली ते सेवाग्रामला राहायला आले. पुढे १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात चहा, कॉफी आणि कोको यांवर प्रकरण आहे. शरीराला यांतल्या कशाचीच गरज नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे. चहातल्या टॅनिनवर त्यांचा मुख्य आक्षेप. चामडं कडक करायला जे वापरतात ते पोटात घालू नये, हा त्यांचा मुद्दा. तरी त्याच प्रकरणात चीनमधली रीतही त्यांनी नोंदवली आहे: गाळणीत पत्ती ठेवायची, वरून खळखळतं पाणी ओतायचं आणि खाली उतरणाऱ्या पाण्याचा फिकट सोनेरी रंग बघायचा. विरोध करणारा माणूसही पाण्याच्या रंगाबद्दल इतकं बारकाईने लिहितो, याचं मला फार अप्रूप वाटलं.

गांधीजींचा विरोध समजायचा तर चहा आपल्याकडे कसा आला ते आठवावं लागतं. तो आपणहून आला नाही, त्याला आणलं गेलं. १९०३ साली लॉर्ड कर्झनच्या काळात चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. आधी परदेशात, मग देशात. रेल्वेच्या जंक्शनांवर विक्रेत्यांना किटल्या, कप आणि पुड्या दिल्या गेल्या. कारखान्यांत, गिरण्यांत, कोळशाच्या खाणींत चहाची दुकानं उघडली. चहा कसा करावा याच्या पाट्या देशी भाषांतून फलाटांवर लागल्या. प्रचारकांना हवा होता तो पत्ती जास्त आणि दूध कमी असलेला चहा. विक्रेत्यांनी मात्र दूध वाढवलं, साखर वाढवली, वरून मसाला घातला आणि पत्ती हात राखून टाकली. प्रचारकांनी त्यावर नाराजीही व्यक्त केली. त्या नाराजीतून आजचा आपला चहा सुटून आला. कर भरून शिकवलेली रीत माणसांनी बाजूला ठेवली आणि स्वतःची मांडली.

यवतमाळच्या बाजारात खुली पत्ती विकणारं एक दुकान आहे. काउंटरमागे टिनाच्या डब्यांची रांग, समोर तागडी, आणि दुकानदार काका असे की दहा रुपयांची पत्ती मागणाऱ्यालाही "दूध म्हशीचं का गाईचं?" हे विचारल्याशिवाय डब्याला हात लावत नाहीत. म्हशीच्या घट्ट दुधाला कडक पत्ती लागते. गाईच्या दुधात तीच पत्ती टाकली तर तुरट होते. हॉटेलवाल्याला वेगळं मिश्रण, घरच्याला वेगळं. "दाणा चवीसाठी, डस्ट रंगासाठी," त्यांनी दोन डबे पुढे सरकवले. मग एक मूठ पत्ती माझ्या तळहातावर ठेवली, मूठ मिटायला सांगितली, मुठीत तोंडाची गरम हवा सोडायला लावली आणि लगेच नाकाशी धरायला. कोरड्या पत्तीला वास नसतो असं मी आजवर समजत होते. उबेने ती जागी झाली. आधी भाजलेल्या धान्यासारखा वास आला, त्यामागून थोडा गोडसर, मनुकांसारखा.

ही पत्ती पान वाटत नाही, बारीक खडे वाटतात, त्यालाही इतिहास आहे. १९३० च्या सुमारास आसाममधल्या आमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर याने एक यंत्र बनवलं. दातेरी रूळ वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि त्यांच्यामधून जाणारं पान चिरडलं, फाडलं, गुंडाळलं जातं. या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीटीसी म्हणतात. पान असं फाटलं की त्यातला रस हवेला लागतो, तो झपाट्याने तांबूस होतो, आणि वाळल्यावर जे दाणे उरतात ते दोन-तीन मिनिटांत पाण्याला रंग देतात. दूध घातल्यावरही टिकेल एवढा रंग आणि एवढी चव. आज भारतात होणाऱ्या चहाचा फार मोठा हिस्सा याच रीतीचा असतो, आणि एकूण चहापैकी सुमारे चार पंचमांश आपण देशातच पितो. दार्जिलिंगचं अखंड पान दुधात उकळलं तर वाया जातं. हा दाणा उकळण्यासाठीच जन्मला आहे. गंजात खळखळणाऱ्या चहाला कमी लेखणाऱ्या मंडळींना हे कुणीतरी सांगायला हवं. पत्ती वेगळी म्हणून रीत वेगळी.

काकांनी दुपारी स्वतःसाठी मागवलेला चहा बशीत ओतला आणि मोठ्याने फुरका मारला. माझे आजोबा असाच प्यायचे आणि आजी त्यांना पाहुण्यांसमोर डोळ्यांनी दटावायची. कोलकात्याच्या किंवा गुवाहाटीच्या लिलावासाठी चहा चाखणारे तज्ज्ञ काय करतात हे काकांनी मला उभं राहून दाखवलं. ठरावीक वजनाची पत्ती, ठरावीक पाणी, ठरावीक मिनिटं. आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतीत शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम आणि सहा मिनिटं असं ते ठरलेलं आहे. मग चमचाभर चहा असा ओढायचा की तो तोंडात फवाऱ्यासारखा पसरला पाहिजे. जोराने ओढला की हवा मिसळते, वाफ टाळूमागून नाकात चढते, आणि चवीतला खरा तपशील नाकालाच कळतो. म्हणजे फुरका हा चाखण्याचा धडाच झाला. बशी तर त्याहून शहाणी: पसरट असल्यामुळे चहा लवकर निवतो, वास मोकळा होतो, आणि कडेला ओठ लावला की फुरका आपोआप येतो. आजोबांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. आजीने त्यांना दटावायला नको होतं, असं त्या दुकानात उभं राहून मला मनापासून वाटलं.

अद्रकाचा धडा कॉटन मार्केटजवळच्या टपरीवर मिळाला. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि गाडीवाले दोन-दोन कट पिऊन जात होते. टपरीवरच्या तरुण मुलाने अद्रक ठेचून थेट पाण्यात टाकलं, पाण्याला चांगली उकळी येऊ दिली, मग पत्ती, मग साखर, आणि शेवटी दूध. माझ्या घरी मी आलं किसून पाण्यादुधात एकदमच टाकत असे. दोन-तीनदा दूध फुटलं तेव्हा मी दुधाला दोष दिला होता. मुलगा मान हलवत म्हणाला, "अद्रक उकयल्याबिगर दुधाले लावाचं नाई. नासते." त्याने एवढंच सांगितलं. कारण असं की ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर असतं, ते दुधातल्या प्रथिनांना तोडतं. दूध कोमट ते गरम होत असताना त्याचं काम सर्वांत जोरात चालतं. पाण्यात आधी उकळलं की ते निकामी होतं आणि फक्त तिखटपणा उरतो. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात याच विकराचा उलटा उपयोग करतात: गरम गोड दुधात आल्याचा ताजा रस ओतून ते खरवसासारखं थिजवतात आणि चमच्याने खातात. एका ठिकाणी जो अपघात तो दुसरीकडे पदार्थ. या मुलाला ग्वांगडोंग ठाऊक नव्हतं, मला माझी चूक ठाऊक नव्हती. ही देवाणघेवाण पाच मिनिटांत झाली आणि मागची कितीतरी वर्षं मी आल्याशी चुकीची वागत होते हे मला कळलं.

गुळाच्या चहाचंही तसंच. या रस्त्यांवर आता जागोजागी गुळाच्या चहाच्या पाट्या आहेत आणि काही ठिकाणी दुधाचा चोथा झालेला चहाही मिळतो. गुळात किंचित आंबटपणा आणि क्षार असतात. उकळत्या दुधात तो पडला की दूध फुटण्याची भीती. ज्यांना येतं ते गूळ-पत्ती पाण्यात उकळतात, गंज खाली उतरवतात, क्षणभर निवू देतात आणि वेगळं तापवलेलं दूध वरून ओततात. त्यानंतर परत आंच नाही. आर्णी रस्त्यावरच्या एका टपरीवर हे करताना बाई दूध ओतण्याआधी मनात काहीतरी मोजत होत्या. किती मोजता, असं विचारल्यावर म्हणाल्या, "मोजत नाई. देवाचं नाव घेतो पाच बार." पाच वेळा नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ गंजाला निवायला लागतो. त्यांच्या सासूने त्यांना असंच शिकवलं होतं.

कॉफी मला यवतमाळ शहरात, मैत्रिणीच्या आजेसासूबाईंकडे भेटली. वय ऐंशीच्या पुढचं, नजर अधू, पण हात नेमके. त्यांच्याकडे चिखलदऱ्याच्या कॉफीच्या बिया येतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं, सुमारे अकराशे मीटर उंचीवरचं चिखलदरा हे महाराष्ट्रात कॉफी पिकणारं ठिकाण म्हणून ओळखलं जातं. इंग्रजांच्या काळात तिथे लागवड झाली. दक्षिणेतली कॉफी मात्र त्याआधीची. सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी हजच्या यात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. आजींच्या स्वयंपाकघरात ही कथा निघाली तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "सातच?" आणि कढईत मूठभर बिया टाकल्या.

लोखंडी कढई, मंद आंच, आणि सतत फिरणारा लाकडी उलथणा. हिरवट बिया आधी पिवळ्या झाल्या, घरभर ओल्या गवताचा वास पसरला, मग पाव भाजल्यासारखा. आजींना रंग नीट दिसत नाही, त्या ऐकतात. दोनशे अंशांच्या आसपास बीच्या पोटातली वाफ तिला फोडते आणि लाह्यांसारखी तडतड सुरू होते. ती ऐकू आली की त्यांनी मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि कढई उतरवली. बिया सुपात ओतल्या, पाखडल्या, सालपटं उडाली. जगभरातले कॉफी भाजणारे या आवाजाला पहिली तडतड अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात आणि तिथूनच वेळ मोजतात. आजी तांदूळ निवडावेत तशा सहजतेने ते करत होत्या.

मग सहाण आली. तान्ह्या बाळाची गुटी ज्या सहाणेवर उगाळतात, तिच्यावरच त्यांनी जायफळ धरलं. "दोन जणांना चार वेढे. पाच झाले की झोप येते." मराठी घरातली जायफळाची कॉफी मी जन्मभर प्यायले आहे, पण किसणीवर चिमूटभर, अंदाजाने. वेढे मोजून जायफळ घालणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. गुटीचं माप कॉफीला लावण्यामागे त्यांचा विचार सरळ होता: जे औषध म्हणून मोजतो ते चव म्हणून घेतानाही मोजावं. कॉफी उकळून उतरवली, गाळ बसू दिला, वरची निवळ कॉफी अलगद ओतली आणि खालचा चोथा टाकला नाही. त्यात पाणी घालून पुन्हा मांडली, मागून येणाऱ्यांसाठी. इथिओपियात, जिथून कॉफी जगात गेली, तिथे पाहुण्यासमोर बिया भाजतात आणि एकाच पुडीवर तीन फेऱ्या काढतात. अबोल, तोना आणि बरका ही त्या फेऱ्यांची नावं. शेवटची सर्वांत फिकी, आणि तिच्या नावाचा अर्थ आशीर्वाद. मी हे सांगितल्यावर आजींनी दुसऱ्या फेरीचा कप माझ्याकडे सरकवला. पहिल्या कपात कडवटपणा पुढे होता. या कपात जायफळ पुढे आलं.

बोलता बोलता विषय कपांवर आला. त्यांच्या माहेरी, खेड्यात, ओसरीच्या कोनाड्यात दोन कप वेगळे ठेवलेले असत. कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं आणि काही वेळ त्या गप्प झाल्या. मी ज्या पुण्यातून आले त्या पुण्याने तर चहावरून खटला चालवला आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली, तिथे आलेल्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी होती. काहींनी चहा घेतला, काहींनी नाही. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. १८९२ साली न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, आणि त्या दिवसांतला घरातला ताण रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. मिशनच्या कपातला चहा उच्चवर्णीयांना बाटवतो म्हणून एवढा गहजब झाला. आणि खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांबाहेर दलितांसाठी कान तुटलेले कप वेगळे ठेवले जात होते, तो माणसांचा अपमान पिढ्यान् पिढ्या चालला. दलित आत्मकथनांत तो कप वारंवार येतो. चहाच्या रीतींबद्दल प्रेमाने लिहायचं तर ही रीतसुद्धा त्यांच्यातलीच होती हे लिहावं लागतं. आजींनी लग्नानंतर आपल्या घरात तसा कोनाडा ठेवला नाही. हे सांगताना त्यांचा आवाज किंचित वर गेला.

दारव्ह्याला जाताना शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ गवतातून दिसत राहिले. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज, किलिक निक्सन कंपनीने कापूस वाहण्यासाठी घातलेली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं. आता गाडी बंद आहे. बसमधल्या एका बाबांनी सांगितलं की दारव्हा मोतीबागला गाडी थांबली की ड्रायव्हरचा चहा होईपर्यंत ती हलत नसे, आणि कुणाला त्याची घाई नसे.

त्याच बाबांनी दुसऱ्या एका चहाबद्दल सांगितलं. कुणी गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. मातीवरून परतलेली माणसं कडुनिंबाचा पाला चावतात, आणि त्या कडू तोंडाला पहिला जो घोट लागतो तो शेजारच्या घरून आलेल्या चहाचा. किटली कुणी मागत नाही, कुणी पाठवली ते विचारत नाही. त्यांच्या गावात हा चहा बिनसाखरेचा न्यायचा असा नियम नाही, उलट थोडी साखर जास्तच. कापसाच्या या जिल्ह्यात, जिथे कर्जापायी गेलेल्या शेतकऱ्यांची घरं गावोगाव आहेत, तिथे ती किटली किती अंगणांतून फिरली असेल. बाबांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की त्यांच्या घरीही ती एकदा आली होती. मी पुढे काही विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी पांढरकवड्याच्या पुढे, टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूला एका कोलाम पोडावर गेले. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. केळापूर, झरी, मारेगाव, घाटंजी या भागांत ते विखुरले आहेत, आणि त्यांची कोलामी ही द्रविड कुळातली भाषा आहे. सोबत एक आशाताई होत्या. बायकांची तपासणी, रक्त कमी असलेल्यांना लोहाच्या गोळ्या, हे त्यांचं काम. प्रत्येक घरी त्या एक वाक्य न चुकता सांगत: जेवणाबरोबर चहा नको, गोळीबरोबर तर नकोच, एक तास जाऊ द्या. चहातलं टॅनिन धान्य-भाज्यांतलं लोह धरून ठेवतं, शरीराला मिळू देत नाही. गांधीजींना चामड्याच्या कारखान्यातून आठवलेलं टॅनिन इथे, या अंगणात, एका बाईच्या हिमोग्लोबिनच्या आकड्याशी येऊन भिडत होतं. आशाताईंनी कुणालाही चहा सोडायला सांगितलं नाही. फक्त त्याची वेळ बदलायला सांगितली, आणि ते ऐकलं जात होतं.

ज्या घरी आम्ही बसलो तिथे चहा कोरा होता. बकऱ्या होत्या, पण दूध पिल्लांना. पाण्यात गवती चहाची पात गाठ मारून टाकली, पत्ती चिमूटभर, गूळ. दुधाच्या आड न लपलेला हा चहा काचेच्या ग्लासात तांबडा, स्वच्छ दिसत होता आणि गवती चहाचा लिंबासारखा वास सगळ्यात वर तरंगत होता. पत्ती थोडी असल्याने तुरटपणा नावालाही नव्हता. मला आसामच्या सिंगफो लोकांची आठवण झाली. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस तिथे पोचला तेव्हा चहा त्यांच्या जंगलात होता आणि त्यांच्या पिण्यात होता. पानं भाजून बांबूच्या नळकांड्यात ठासून धुरावर टिकवायची त्यांची रीत आजही आहे. मळे, लिलाव, उपकर आणि फलाटावरच्या पाट्या हे सगळं नंतर आलं.

ग्लास तीन होते आणि माणसं आठ. पहिला आशाताईंना, दुसरा मला, तिसरा घरातल्या म्हाताऱ्या बाबांना. बाकीचे थांबले, कुणी घाईने माझ्या ग्लासाकडे बघितलं नाही. मी नकळत फुरका मारला, आणि बाबांनीही मारला. माझा संपल्यावर घरातल्या बाईने ग्लास घेतला, हंड्याजवळ विसळला, भरला आणि दारात उभ्या असलेल्या शेजारणीला दिला. तिच्यानंतर तो एका शाळकरी मुलाकडे गेला, मग बाईंनी स्वतः घेतला. गंजात थोडा उरला होता. त्यांनी तो हलवून पाहिला, तांब्यातलं पाणी त्यात ओतलं, गवती चहाची आणखी एक पात मोडली आणि गंज परत चुलीवर चढवला, कारण पायवाटेने कुणीतरी येताना दिसत होतं.